नावेत माणसं किती?

शेजाऱ्याने पैसे मोजून आणलेल्या आनंदातला थोडासा आपण त्याला न विचारता उचलला, तर त्याला चोरी म्हणावं का?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लग्नाशी काडीचा संबंध नसताना वरातीच्या बँडमागून ठेक्यात चार पावलं चालणारे. गाडीत पुढच्या माणसाच्या खांद्यावरून त्याचं वर्तमानपत्र वाचणारे, आणि त्याने पान उलटलं की "जरा थांबा हो, माझं व्हायचंय" असं वर त्यालाच सांगणारे. समोरच्या बिऱ्हाडात क्रिकेटची कॉमेंट्री लागली की आपल्या रेडिओचे सेल वाचवणारे. ही सगळी अत्यंत सज्जन माणसं. यांनी जन्मात कुणाचा रुमाल उचललेला नसतो. पण फुकटच्या सुरावर मान डोलावताना त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला कधी साधी ठेच लागल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या ओळखीत एक ऑडिटर आहेत. नोकरीतून निवृत्त झाले, स्वभावातून झाले नाहीत. त्यांचं मत असं, की जे भिंत ओलांडून आपल्याकडे आलं ते आपलं. फांदी आपल्या अंगणात आली की आंबा आपला, आणि सूर आपल्या कानात आला की गाणं आपलं. दुसरे आमचे मास्तर. त्यांनी हयातभर संस्कृत शिकवलं. त्यांच्या मते उपभोग झाला की ऋण झालं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन शास्त्राने सांगितलीच आहेत. चौथं शेजारऋण सांगायचं राहिलं, कारण ऋषी अरण्यात राहत आणि त्यांना भिंतीपलीकडचा शेजार नव्हता.

हा वाद पुण्यात वर्षानुवर्षं चालला आणि सुटला नाही. पुण्यात वाद सुटण्यासाठी घालतच नाहीत. त्याला खरी धार आली ती मेक्सिको शहरात, तीही जमिनीवर नव्हे, पाण्यावर.

मेक्सिको हे शहर म्हणून अवाढव्य. आजूबाजूची वस्ती धरली तर लोकसंख्या दोन कोटींच्या वर, आणि हा सगळा पसारा समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या दीडपटीहून वर. माझी भाची तिथे नोकरीला आहे. तिने "मामा, या एकदा" असं पत्राच्या शेवटी लिहावं तसं सहज म्हटलं, आणि मामा चौदाजणांना घेऊन गेले. चौदांत मी, आमची ही, ऑडिटर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, मास्तर, खुद्द भाची, आणि उरलेले आठजण फोटोत येण्यापुरते.

शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाची जागा आहे. मूळ नाव तिथल्या नाहुआत्ल भाषेतलं. अर्थ फुलांच्या शेतांची जागा. एके काळी या सबंध खोऱ्यात तळी होती. त्या उथळ पाण्यात लोक खुंट ठोकून चौकट करत, आत गाळ आणि पाणवनस्पती यांचे थर देत, आणि कडेला विलोच्या जातीची झाडं लावून त्यांच्या मुळांनी ती माती धरून ठेवत. अशा बेटांना चिनाम्पा म्हणतात. यांना तरंगत्या बागा म्हणायची प्रवाशांत पद्धत आहे, पण काश्मीरच्या दाल सरोवरातल्या बागांसारख्या या तरंगत नाहीत; चांगल्या घट्ट रोवलेल्या आहेत. दोन चिनाम्पांमध्ये जे पाणी उरलं ते कालवे. १९८७ साली युनेस्कोने मेक्सिको शहराचा जुना भाग आणि सोचिमिल्को मिळून जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. आणि या वारशावर रविवारी दुपारी जी गर्दी असते, ती पाहून मला गणपतीतल्या लक्ष्मी रोडची आठवण झाली. फरक एवढाच, की इथे रस्ता ओला होता.

नातिवितास नावाच्या धक्क्यावर आम्ही उतरलो. तिथे सपाट तळाच्या लांबच लांब नावा लागलेल्या असतात. त्यांना ‘त्राहिनेरा’ म्हणतात. वर छप्पर, मध्ये पंगतीला शोभेल असं लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि तोंडाशी लाल, पिवळ्या, निळ्या रंगात रंगवलेली मोठी कमान. कमानीवर नाव असतं, बहुधा एखाद्या बाईचं. आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर ‘आई-वडिलांची कृपा’ असते, तसंच. एके काळी ही कमान खऱ्या फुलांची करीत, आता लाकडावर रंगवतात. वल्हं नाही, इंजिन नाही. मागे एक नावाडी उभा असतो आणि लांबलचक काठी तळाच्या गाळात रोवून नाव ढकलतो.

धक्क्यावर दराचा फलक होता. भाडं माणशी नव्हे, नावेमागे तासावर. हे वाचून ऑडिटरांचा चेहरा उजळला. "म्हणजे माणसं जितकी जास्त तितकं माणशी कमी!" असं म्हणून त्यांनी धक्क्यावरच्या दोन अनोळखी जपानी पोरांकडे अशा काही प्रेमाने पाहिलं, की ती पोरं घाईघाईने दुसऱ्या नावेत जाऊन बसली. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली, भाड्याला चौदाने भागलं, आणि बाकी उरली म्हणून थोडे खिन्न झाले.

"फलकावर दर लिहिलाय, घासाघीस करू नका," भाची म्हणाली.

"घासाघीस नाही ग, विचारून पाहतो," असं म्हणून त्यांनी घासाघीस केली. ती मराठीत होती. नावाड्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि फलकाकडे बोट दाखवलं. नावाडी पंचविशीतला, सडपातळ, डोक्यावर गवती हॅट. बोलणं बेताचं. आम्ही चौदाजण चढलो. चढताना प्रत्येकाने "मला कडेची जागा" असं म्हटलं. त्या नावेत सगळ्याच जागा कडेच्या होत्या, म्हणून भांडण झालं नाही.

पहिली दहा मिनिटं निवांत गेली. मग कालवा वळला, आणि समोर नावाच नावा. पुढे नावा, मागे नावा, बाजूने नावेला नाव घासतेय. पाणी असल्याचा पुरावा फक्त दोन नावांच्या फटीतून मिळत होता. पण गंमत अशी, की कुणी ओरडत नव्हतं. एकही हॉर्न नाही! नावाडी एकमेकांच्या नावेला हाताने, पायाने, काठीने सारायचे, वाट काढून द्यायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्याची नाव हलल्याशिवाय आपली हलत नाही, हे तिथे कुणाला भाषण करून सांगावं लागत नाही. आपल्या चौकातल्या स्कूटरवाल्यांना एकेक तास त्या कालव्यात नेऊन उभं करावं असं मला फार वाटलं.

अशा खोळंब्यात खाण्याच्या होड्या येऊन नावेला बिलगतात. एका होडीत बाई शेगडीवर कणसं भाजत होती. लिंबू पिळून, वर लाल तिखट भुरभुरून द्यायची. वहिनींना भरून आलं. "अहो, अगदी आपल्या सिंहगडावरच्यासारखं! मेक्सिकोत येऊन आपलं कणीस मिळालं हो!"

इथे भाचीला राहवलं नाही. तिने वहिनींना हळुवारपणे सांगितलं, की कणीस त्यांचं आहे. आपल्याकडे ते गेलं. वर भुरभुरलेली मिरचीही त्यांचीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणली. टोमॅटोचं नावसुद्धा नाहुआत्लमधून आलंय. चिकू तिकडचाच. निशिगंधही तिकडचाच. आणि दसऱ्याला आपण ज्याच्या माळा दारावर बांधतो तो झेंडूही मूळ मेक्सिकोचा. सोचिमिल्कोच्या शेतांत तो आजही पिकतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, घरोघर त्याच्या पाकळ्या पसरतात. पितरांना घरची वाट सापडावी म्हणून.

नावेत क्षणभर शांतता पसरली. झेंडू परदेशी निघाल्याचा धक्का मिरचीहून मोठा होता. मास्तरांनी संधी साधली. "ऑडिटर, बोला! चारशे वर्षं मिरची खातोय आपण. कुणाला पैसे दिले?"

ऑडिटरांनी कणसाचा घास शांतपणे गिळला. "तीन वर्षांपूर्वीचा कर विभागसुद्धा सहजासहजी उकरत नाही. चारशे वर्षांचं काय घेऊन बसलात!"

एवढ्यात आमच्या डाव्या बाजूला एक नाव येऊन लागली. तिच्यात पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ चालला होता. तिकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस आपल्या मुंजीइतक्या थाटात करतात, नाव ‘किन्सेआन्येरा’. मध्ये फुगीर गुलाबी झग्यातली ती मुलगी, भोवती काका-मामा-मावश्या, आणि त्यांनी बोलावलेले मारियाची. म्हणजे अंगावर चांदीच्या गुंड्यांचे काळे पोशाख, हातांत व्हायोलिनं, गिटारी, कर्णे. यांची स्वतःची होडी असते. ती तुमच्या नावेला लागते आणि गाणी सुरू होतात. दर गाण्यावर. त्या मुलीचे वडील दर गाण्याला खिशात हात घालत होते, हे ऑडिटरांनी सर्वांच्या आधी टिपलं.

गाणं सुरू झालं, आणि काय सांगावं! कर्णे असे तळपले, गवयाचा आवाज असा चढला, की आमच्यातले फोटोपुरते आलेले आठहीजण फोटो काढायचे विसरले. ऑडिटरांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. "बघा. त्यांनी मोजले, आपण ऐकलं. त्यांचं काही कमी झालं? नाही. आपलं वाढलं? वाढलं. याला शुद्ध नफा म्हणतात."

"ऐकणं एक वेळ ठीक," मास्तर म्हणाले, "कान काही मिटता येत नाहीत. पण तुम्ही पायाने ठेका धरलाय. ठेका हा स्वेच्छेने केलेला उपभोग आहे."

खमंग वासाचे पैसे नाण्यांच्या नुसत्या आवाजाने चुकते करणाऱ्या गरिबाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या न्यायाने ऑडिटरांनी खिशातली चिल्लर खुळखुळवली आणि म्हणाले, "घ्या, फिटलं."

पण शुद्ध नफ्याचं तत्त्व फार वेळ टिकलं नाही. उजव्या बाजूला मारिंबावाल्यांना बोलावलेली एक नाव येऊन लागली. त्यांचं गाणं निराळं, चाल निराळी, आनंदही निराळा. पाठीमागच्या नावेत कॉलेजातली पोरं होती. त्यांनी भलामोठा स्पीकर आणला होता आणि त्यातून येणारं संगीत कानाला ऐकू येण्याऐवजी बरगड्यांना ऐकू येत होतं. तिन्ही आनंद आमच्या नावेत एकाच वेळी शिरले. ऑडिटरांनी डोळे उघडले, मग कान झाकले.

"आता?" मास्तर जवळजवळ ओरडूनच म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. "भिंत ओलांडून आलं ते आपलं ना? घ्या की! एकाच्या जागी तीन मिळतायत!"

हा मुद्दा मोठा बिनतोड होता. फुकटच्या आनंदाचं देणं लागत नसेल, तर फुकटच्या त्रासाची भरपाईही मागता येणार नाही. मंडपातल्या कर्ण्याबद्दल आपण दर वर्षी हळहळतो. पण आपल्या आवडीचं गाणं लागलं की खिडकी मुद्दाम उघडी ठेवतो. म्हणजे आक्षेप आवाजाला नसतो, आवडीला असतो. आपला तो उत्साह आणि दुसऱ्याचा तो गोंगाट. आपण ज्या आवाजाच्या आतल्या बाजूला असतो तो आपल्याला कधीच मोठा वाटत नाही.

याचा पडताळा लगेचच आला. तीन बाजूंनी तीन संगीतं आल्यावर आमच्या मंडळींचा स्वाभिमान जागा झाला. आपणही काहीतरी म्हणायला हवं! पण काय? नाट्यगीत निघालं, ते पहिल्या तानेवर बुडालं. सिनेमाचं गाणं दुसऱ्या कडव्याला. चौदाही माणसांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ येणारं एकच काव्य मराठी माणसाकडे आहे, ते म्हणजे आरती. झालं! पायातले बूट काढायचे की नाही यावर थोडा मतभेद झाला. एका बाजूने काढले, दुसऱ्या बाजूने ठेवले, आणि गणपतीची आरती टाळ्यांच्या कडकडाटात सुरू झाली. तिच्यामागून देवीची.

शेजारची नाव थक्क झाली. मग त्यांनीही टाळ्या धरल्या. कर्णेवाल्या मारियाचीने दुसऱ्या कडव्याला चाल पकडली आणि तिसऱ्याला अशी काही फुंकली, की गणपतीच्या आरतीला असा थाट पेशवाईतही मिळाला नसेल. शेवटी स्वतःभोवती फिरायची वेळ आली आणि चौदाजण एकदम उठून गिरक्या घेऊ लागले. नाव डावी-उजवीकडे डोलायला लागली. इतका वेळ शांत असलेल्या आमच्या नावाड्याने तेव्हा दोन्ही हात वर करून पहिल्यांदा आरोळी ठोकली. भाचीने भाषांतर केलं नाही, तरी आम्ही बसलो.

आता दोन नावांची सोयरीकच झाली होती. गुलाबी झग्यातल्या मुलीची आजी आम्हाला केक खायला या म्हणून हातांनी बोलवू लागली. दोन्ही नावा इतक्या जवळ, की कड कडेला टेकलेली. मास्तर उठले. "आमंत्रण आहे. नाकारणं बरं नव्हे," असं म्हणून त्यांनी एक पाय आमच्या कडेवर ठेवला आणि दुसरा उचलला.

नावाडी ओरडला. नुसता ओरडला नाही; काठी टाकून टेबलाच्या कडेने धावत आला आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मास्तरांच्या दंडाला धरायची हिंमत चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला झाली नव्हती.

मग तो भाचीशी बराच वेळ बोलला. २०१९ च्या सप्टेंबरात असाच एक तरुण मुलगा मित्रांबरोबर इथे आला होता. एका नावेतून दुसऱ्या नावेत जाताना पाय चुकला आणि तो मधल्या पाण्यात गेला. पाणी समुद्रासारखं खोल नाही; पण खाली गाळ आणि वर नावांची गर्दी. मुलगा वर आलाच नाही. त्यानंतर दारूवर मर्यादा आली, सुरक्षेचे नियम आले. "नियमाने काठी टेकत नाही," नावाडी म्हणाला. "नाव हलते ती हलतेच."

आमच्या नावेतलं सगळं हसणं थांबलं. बाकीच्या नावांतलं मात्र चालू होतं, कारण त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. डावीकडे कर्णे, उजवीकडे मारिंबा, मागे स्पीकर. त्या गदारोळात कुणी पडलं असतं तर पडल्याचा आवाज कुठल्या सुरात मिसळला असता, हा विचार माझ्याच नव्हे, सगळ्यांच्या मनात आला असावा. वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, माणसं मोजा."

ऑडिटर उठले. आयुष्यभर आकडे मोजलेला माणूस. पण बोट थरथरत होतं. एक, दोन, तीन... तेरा. पुन्हा मोजलं. तेरा! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. दोन नावांमधल्या त्या हातभर फटीत हिरवं, गढूळ पाणी, आणि वर एक जलपर्णीचं रोप. आपल्या नद्यांना ग्रासलंय तेच.

"दशमस्त्वमसि!" मास्तर एकदम म्हणाले.

ही वेदान्तातली जुनी गोष्ट. दहा माणसं नदी पार करतात. पलीकडे गेल्यावर मोजतात तर नऊच भरतात; कारण मोजणारा प्रत्येकजण स्वतःला धरायचं विसरतो. सगळे रडू लागतात. मग कुणी शहाणा वाटसरू येतो आणि मोजणाऱ्याला सांगतो, ‘अरे, दहावा तूच.’ शंकराचार्यांनी हा दृष्टान्त आत्मज्ञानासाठी वापरलाय. आत्मा हरवलेला नसतो, मोजायचा राहिलेला असतो. ऑडिटरांना आत्मज्ञान झालं की नाही ते सांगता येत नाही, पण घाम पुसत ते म्हणाले, "हां हां, मी राहिलो. चौदा. बरोबर. चौदा."

"किन्से," मागून नावाडी म्हणाला.

‘किन्से’ म्हणजे पंधरा, हे त्या वाढदिवसामुळे आमच्यातल्या सगळ्यांना आता ठाऊक झालं होतं. ऑडिटर तत्काळ सावध झाले. भीती ओसरली आणि मूळ स्वभाव वर आला. "पंधरा कसे? चौदा आहोत! त्याला सांग, फलकावर भाडं नावेमागे आहे. माणशी लावायचं काढलं असेल तर चालणार नाही!"

भाचीने विचारलं. नावाड्याला प्रश्नच कळेना. मग कळला तेव्हा त्याने काठीवरचा एक हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि दोनच शब्दांत उत्तर दिलं. भाची म्हणाली, "तो म्हणतोय, मीही आहे."

यावर कुणी काही बोललं नाही. ऑडिटरही नाहीत.

मला वेदान्ताबद्दल संपूर्ण आदर आहे. पण व्यवहारात माणूस स्वतःला मोजायचं विसरतो, हे मी फारसं पाहिलेलं नाही. स्वतःला तो बहुधा दोनदा मोजतो. वाटणीच्या वेळी एकदा आणि वाढून घेताना एकदा. मोजायचा राहतो तो मागे काठी धरून उभा असलेला. आपल्या सहलीच्या गाडीत पन्नास माणसं असतात आणि ड्रायव्हर हा एकावन्नावा धरलेला नसतो. हा गाडीचाच एक भाग समजून आपण त्याला रात्रभर चालवतो आणि गाणी म्हणत जागतो. लग्नात पाचशे पानं उठतात. आचाऱ्याचं पान कितवं होतं ते यजमानाला विचारा. तो जेवला का, हे विचारायला जाते ती बहुतेक एखादी म्हातारी आत्या, आणि तिला लोक ‘सारखी मध्ये मध्ये करते’ म्हणतात. आम्ही नावेत दोन तास होतो. कणसं खाल्ली, चिवडा खाल्ला, भाकरवडी खाल्ली. शेवटी वहिनींनीच कागदाच्या बशीत चिवडा घालून मागे पाठवला, तर तो पोरगा म्हणाला, ठेवा, धक्का आल्यावर खाईन. आता दोन्ही हात गुंतलेत.

धक्क्याकडे परतताना त्याने थोडं सांगितलं. त्याचे आजोबा चिनाम्पावर भाजी पिकवायचे. या कालव्यांत तेव्हा झऱ्यांचं स्वच्छ पाणी होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर वाढलं, तहानलं, आणि सोचिमिल्कोच्या झऱ्यांचं पाणी नळांनी शहरात नेलं. शतकाच्या मध्यापर्यंत झरे आटले. आता कालव्यांत सोडतात ते शहराचंच सांडपाणी, प्रक्रिया केलेलं. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून ते सबंध शहर खचत चाललंय.

म्हणजे पाहा. आम्ही दोन तास वाद घालत होतो की एका गाण्याचं ऋण होतं की नाही. आणि ज्या पाण्यावर बसून घालत होतो ते पाणीच शेजाऱ्याने नेलं होतं, आणि वापरून परत केलं होतं. शहराच्या जमाखर्चात सोचिमिल्को हा पंधरावा. सगळ्यांची नाव त्याच्या जिवावर हलते, आणि मोजणी चौदावर थांबते. यात मेक्सिकोला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मोठ्या शहरांची धरणं कुणाच्या गावांवर उभी आहेत, हे नळ सोडताना आपल्याला तरी कुठे आठवतं?

या पाण्यात अॅक्सोलॉटल नावाचा एक प्राणी असतो. पालीसारखा, पण गालावर कल्ले, चेहरा कायम हसरा, आणि पाय तुटला तर नवा उगवतो. जंगली अवस्थेत तो आता जगात फक्त इथेच उरलाय. १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते. २०१४ च्या पाहणीत ३६. पाय उगवतात, पण पाणी काही उगवत नाही. २०२१ पासून मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. ज्याला पाण्यात जागा उरली नाही त्याला नोटेवर जागा देणं, ही सरकारांची जगभर एकच रीत दिसते.

उतरताना ऑडिटरांनी भाडं मोजून दिलं, फलकाप्रमाणे. मग वहीकडे न पाहता त्यांनी आणखी काही नोटा काढल्या. त्यांत सगळ्यांत वर तो हसरा अॅक्सोलॉटल होता. नोटा नावाड्याच्या हातात ठेवल्या आणि त्या किती आहेत हे मुद्दाम मोजलं नाही. त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाहिलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात असं प्रथमच घडत असावं.

रात्री हॉटेलात नेहमीप्रमाणे हिशेब मांडला गेला. भाडं, कणसं, धक्क्यापर्यंतची गाडी, सगळ्याला चौदाने भाग. नावाड्याला दिलेली रक्कम ‘किरकोळ’ या सदरात होती. मास्तर म्हणाले, किरकोळ कसलं, तिथून काढा. ऑडिटर म्हणाले, काढतो, पण घालू कुठे? ही मजुरी नाही, कारण ती भाड्यात आली. हा धर्मादाय नाही, कारण त्याने मागितलं नव्हतं. बक्षीसही नाही, कारण वर्षानुवर्षं जे काम तो करतो त्याला आपण कोण बक्षीस देणार?

साडेअकरापर्यंत ते वही उघडी टाकून बसले होते. वादात जिंकायची एवढी सोपी संधी असूनही मास्तरांनी ‘ऋण’ हा शब्द उच्चारला नाही. मला वाटतं, त्या दिवशी तो त्यांनाही थोडा जड वाटला असावा.